शंका-समाधान : मेडिकल कॉलेजातलं नियोजनाचं पद

रुग्णालय-प्रशासनावरच्या मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत सर्वाधिक विचारणा एकाच पदाची आहे. मेडिकल कॉलेजात अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) किंवा विश्वस्तांच्या हाताखाली बसून पुढच्या पाच-दहा वर्षांची आखणी करणारा हा वरिष्ठ प्रशासक. कुठे त्याला 'हेड, स्ट्रॅटेजी' म्हणतात, कुठे 'संचालक, नियोजन व विकास', तर कुठे नुसतंच 'ओएसडी' (विशेष कार्य अधिकारी). निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : एमएचए (रुग्णालय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) करून ३०० खाटांच्या रुग्णालयात क्वालिटी विभागात काम करतो. 'हेड, स्ट्रॅटेजी – मेडिकल कॉलेज' ही जाहिरात पाहिली. या माणसाला नेमकं काम काय असतं? – वाचक, सांगली

उत्तर : जाहिरातीत 'व्हिजन' असतं, टेबलावर फायली असतात. मेडिकल कॉलेज अनेकांना उत्तर देणं लागतं. जागांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे २०२० साली मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेला एनएमसी; संलग्नतेसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ; फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण; ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्त. त्यावर महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारं नॅक, रुग्णालयाच्या दर्जाला मान्यता देणारं एनएबीएच आणि संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी लावणारं एनआयआरएफ आहेतच. हे सगळे जवळपास तीच माहिती मागतात, पण कुणी आर्थिक वर्षाची, कुणी शैक्षणिक वर्षाची, आणि प्रत्येक जण आपल्याच तक्त्यात.

म्हणून या पदावरचं पहिलं काम एकच : कुठलाही आकडा सगळीकडे सारखा असला पाहिजे. हे वाटतं तितकं सोपं नाही. नुसत्या खाटांचंच घ्या. एनएमसीच्या वार्षिक घोषणापत्रात ६०५, शुश्रूषागृह नोंदणीवर ५५०, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या प्राधिकारपत्रावर ५००, आणि महात्मा फुले योजनेच्या नोंदणीत ४८० असं चित्र अनेक ठिकाणी निघतं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. वॉर्ड वाढत गेले आणि ज्याच्या त्याच्या कारकुनानं आपापला कागद नूतनीकरणाच्या वेळी जसाच्या तसा पुढे ढकलला, इतकंच. पण तपासणीला आलेला माणूस हे चार कागद शेजारी शेजारी ठेवतो, आणि कमीत कमी आकडाच खरा मानतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. सगळ्या परवान्यांचा एक तक्ता करायचा : परवाना क्रमांक, त्यावरच्या खाटा किंवा यंत्रं, मुदत, जबाबदार माणूस, अर्ज टाकायची तारीख. शुश्रूषागृह नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालची) नोंदणी पाच वर्षांची. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या प्रमाणपत्राचा ब नमुना दर वर्षी जानेवारी आणि जुलै असा दोनदा द्यावा लागतो. हा सर्वांत जास्त विसरला जातो, कारण एनओसी एकदा मिळाली की काम संपलं असा समज असतो. अर्जाची तारीख मुदतीच्या सहा महिने आधीची लिहावी.

हे सगळं नीट लागल्यावर जो वेळ उरतो त्यात खरी 'स्ट्रॅटेजी' : कुठल्या विषयात पदव्युत्तर जागा मागायच्या, कुठली ओपीडी तालुक्याच्या गावी न्यायची, एमआरआय घ्यायचं की भाड्यानं आणायचं. तुमच्या क्वालिटीच्या अनुभवाचा पहिल्या भागात थेट उपयोग आहे. दुसऱ्यासाठी ताळेबंद वाचता यायला हवा.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, बी. कॉम. आणि एमबीए आहे. किती वरपर्यंत जाता येईल? – वाचक, नागपूर

उत्तर : अधिष्ठाता होता येणार नाही, त्या पदाला वैद्यकीय पदव्युत्तर पदवी आणि अध्यापनाचा अनुभव लागतो. वैद्यकीय अधीक्षकपदही डॉक्टरांचंच. बाकी वाट मोकळी आहे : कार्यकारी अधिकारी, मग उपव्यवस्थापक किंवा उपकुलसचिव, मग मुख्य प्रशासकीय अधिकारी, वित्त संचालक, नियोजन संचालक. अभिमत विद्यापीठांत कुलसचिवपदापर्यंतही जाता येतं, मात्र तिथे यूजीसीच्या पात्रतेच्या अटी आहेत, त्या आधी तपासा.

बिगर-डॉक्टर माणसाची खरी अडचण पदाची नसते, वॉर्डातल्या वजनाची असते. विभागप्रमुख तुम्हाला 'अकाउंट्सवाले' समजून सोडून देतात. रोज सकाळी अर्धा तास एका विभागात जाऊन तिथलं रजिस्टर बघायची सवय लावा. ऑपरेशन थिएटरची यादी कशी लागते, पहिली केस नऊऐवजी साडेदहाला का सुरू होते, हे ज्याला माहीत असतं त्याचं बैठकीत ऐकतात.

प्रश्न : आमच्या ट्रस्टच्या महाविद्यालयात एमबीबीएसच्या १०० जागा आहेत. विश्वस्तांना पुढच्या वर्षी १५० हव्यात. मला टिपण तयार करायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू? – वाचक, लातूर

उत्तर : फीच्या उत्पन्नाकडे नंतर या, आधी रुग्ण मोजा. एनएमसीच्या २०२३च्या निकषांनुसार १०० जागांना ४२० खाटा लागतात, १५० जागांना ६०५. म्हणजे १८५ खाटांची वाढ. खाटा नुसत्या मांडून चालत नाहीत, ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. १८५ चे ८० टक्के १४८. रुग्णाचा सरासरी मुक्काम पाच दिवसांचा धरला तर रोज सुमारे ३० जास्तीचे रुग्ण दाखल व्हायला हवेत.

ते येणार कुठून? ओपीडीचा निकष दर जागेमागे रोज आठ रुग्ण, म्हणजे ५० जागांसाठी ४०० वाढीव. आता तुमच्याकडे ओपीडीतल्या किती जणांमागे एक दाखल होतो ते काढा. वीसात एक असेल तर ३० जण दाखल होण्यासाठी ६०० लोक लागतील. ४०० च्या निकषावर भागणार नाही. हे गुणोत्तर काढताना शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी घ्या, सोमवारची गर्दी नको. सणाचे आणि पेरणी-काढणीचे आठवडेही त्यात धरा. मराठवाड्यात त्या दिवसांत ओपीडी निम्मी झालेली दिसते आणि टिपणात नेमकं तेच लपवलं जातं.

मग आकडे एकमेकांना लावून पाहा. ओपीडीत १,००० रुग्ण आणि प्रयोगशाळेत दिवसाला ८० नमुने असतील तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. मध्यरात्रीची वॉर्डगणना, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या थाळ्या आणि औषध भांडाराचा खप, या तिन्हींचा कल एकाच दिशेनं जायला हवा. थाळ्यांचा आकडा सहसा सर्वांत प्रामाणिक असतो, कारण त्याचं बिल रोज निघतं.

पुढचा टप्पा माणसांचा. विभागवार शिक्षकांचा तक्ता करताना तीन रकाने जास्तीचे ठेवा : जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, नोटीस पीरियड. शिक्षक ७० वर्षांपर्यंतच धरता येतात. शरीररचनाशास्त्र, न्यायवैद्यक अशा विषयांत निवृत्तीनंतर आलेले ज्येष्ठ प्राध्यापक बरेच असतात. त्यांतले ६७ ओलांडलेले किती ते लाल शाईनं लिहा. आज पूर्ण दिसणारा विभाग तीन वर्षांत रिकामा होतो तो इथूनच.

पैशाचं गणित विश्वस्तांना सहसा उलटं सांगितलेलं असतं. खाटा, परिचारिका, शिक्षक यांचा खर्च पहिल्या दिवसापासून पूर्ण. वाढीव फी मात्र पहिल्या वर्षी ५० जणांचीच, आणि सगळ्या तुकड्या भरायला चार-साडेचार वर्षं जातात. राज्यात खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तेही लेखापरीक्षित हिशेब बघून. रुग्णालयाचा किती खर्च शिक्षणाच्या खात्यावर टाकायचा यावर तिथे घासाघीस होते, म्हणून 'सगळा खर्च फीतून वसूल' असं गृहीत धरू नका. ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयाला आणखी एक जबाबदारी आहे : १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. खाटा वाढल्या की हेही त्या प्रमाणात वाढतं. वाढीव १८५ मधल्या ३७ खाटा याच हिशेबात जातात.

कागदांचा क्रम असा : राज्य शासनाचं आवश्यकता प्रमाणपत्र (या जागांची गरज आहे असं सांगणारं), विद्यापीठाची संलग्नता-संमती, मग एनएमसीच्या जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज. पहिल्या दोन कागदांना किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं, आणि अर्जाची खिडकी कुणासाठी थांबत नाही. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येऊन जाईपर्यंत वॉर्ड प्रत्यक्ष चालू असावेत. रंगाचा वास येणारा रिकामा वॉर्ड दाखवणं महागात पडतं.

टिपणाच्या शेवटी तीन पर्याय ठेवा : यंदाच अर्ज, दोन वर्षांनी अर्ज आणि तोवर खाटा टप्प्याटप्प्यानं, किंवा जागा १०० च ठेवून पदव्युत्तर शाखा वाढवणं. आमच्या मते मध्यम आकाराच्या गावात तिसरा पर्याय पुष्कळदा पहिल्यापेक्षा सरस ठरतो. पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून निवासी डॉक्टर आले की रात्रीचं रुग्णालय खऱ्या अर्थानं चालायला लागतं, आणि खाटा त्यामुळेच भरतात. 'यंदा नको' हे वाक्य आकड्यांसकट लेखी देता येणं हीच या पदाची किंमत. तोंडी सांगितलेलं 'नको' बैठक संपायच्या आत विसरलं जातं.

प्रश्न : तपासणीपुरते प्राध्यापक 'दाखवा' असं वरून सांगितलं जातं. माझ्या खुर्चीतल्या माणसानं सही करायची का? – नाव प्रसिद्ध करू नये

उत्तर : करू नये. सप्टेंबर २०२३ च्या नियमांनुसार संस्थेला दर उल्लंघनामागे एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी माहिती देणाऱ्या अध्यापक, विभागप्रमुख किंवा अधिष्ठात्यांना व्यक्तिशः पाच लाखांपर्यंत. आधारशी जोडलेल्या हजेरीत कामाच्या दिवसांच्या ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि मे २०२५ पासून ती चेहऱ्यावरून, ठिकाणाच्या नोंदीसह घेतली जाते. फॉर्म १६ आणि बँकेतला पगार यांच्याशी ताडून पाहिलं की उरलेलं उघडं पडतं. २०२५ मध्ये सीबीआयनं महाविद्यालयांच्या तपासणीतल्या लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदवला, तेव्हा 'सगळेच करतात' हा आधारही गेला.

वरिष्ठांना नुसता नकार देऊ नका, सोबत भरतीची योजना द्या. आडगावच्या महाविद्यालयातून शिक्षक जातो तो बहुधा पगारामुळे नाही. पती किंवा पत्नीला नोकरी नाही, मुलांना शाळा नाही, क्वार्टरला पाणी नाही, ही कारणं असतात. दांपत्यांना एकत्र नेमणूक आणि शहरातून रोजची बस या दोन गोष्टींवर होणारा खर्च दंडापेक्षा पुष्कळ कमी असतो.

प्रश्न : मी जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागात सहयोगी प्राध्यापक आहे. अधिष्ठात्यांनी नॅक आणि एनआयआरएफचं काम माझ्याकडे दिलंय. पदोन्नतीत अडचण येईल का? – वाचक, पुणे

उत्तर : काम लेखी आदेशानं घ्या आणि शिकवण्याचे तास सोडू नका. प्राध्यापकपदासाठी शोधनिबंध, वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम लागतो. हे नॅकच्या गडबडीत मागे पडतं आणि मग दोन वर्षांनी कळतं. पुढे अधिष्ठातापदाच्या मुलाखतीत मात्र हेच काम उपयोगी पडतं.

एनआयआरएफमध्ये एक काम आजच करा. वैद्यकीय गटात अध्यापन-साधनसामग्री आणि संशोधन यांना प्रत्येकी ३० टक्के भार आहे. संशोधनाची मोजणी शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचींतून होते, आणि तिथे आपल्याच महाविद्यालयाची नावं पाच तऱ्हांनी सापडतात : कुणी ट्रस्टचं नाव लिहितं, कुणी रुग्णालयाचं, कुणी आद्याक्षरं, कुणी जुनं नाव, कुणी फक्त विद्यापीठ. अशा विखुरलेल्या निबंधांचं श्रेय निसटू शकतं. नावाची एकच ओळ मंजूर करून घ्या आणि ती संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीच्या अर्जावर छापा, म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या हातात ती आपोआप जाईल. जुन्या निबंधांची दुरुस्ती ग्रंथपालांकडे सोपवा. ते हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करतात.

प्रश्न : शासकीय महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. सरकारी नोकरीत 'स्ट्रॅटेजी'ला वाव तरी आहे का? – वाचक, हिंगोली

उत्तर : आहे, आणि सध्या जास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम १० नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली, तुमच्या जिल्ह्यातलंही त्यातलंच. नव्या महाविद्यालयाचा पहिला तिढा जिल्हा रुग्णालयाचा असतो. इमारत, परिचारिका, औषधं सार्वजनिक आरोग्य विभागाची. शिक्षक आणि विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण विभागाचे. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठाता यांच्यात वीजबिल कुणाचं इथपासून वाद होतात. हस्तांतरणाच्या करारात प्रत्येक यंत्राचा, पदाचा आणि खर्चाच्या शीर्षाचा तक्ता जोडून घेणं, हे तुम्ही करू शकता असं सर्वांत मोलाचं काम.

बाकी सगळं वेळापत्रकाचं. बांधकामाला प्रशासकीय मान्यता, मग सार्वजनिक बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता, मग निधी. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. प्रस्ताव त्याच्या पुरेसा आधी मंत्रालयात पोचला नाही तर आणखी सहा महिने गेले. जिल्हा नियोजन समितीचा पैसा यंत्रसामग्रीला मिळू शकतो, पण निविदेला लागणारे महिने उलटे मोजून मागणी करावी, नाहीतर ३१ मार्चला तो परत जातो.

प्रश्न : अमेरिकेत आरोग्यक्षेत्रात कन्सल्टिंग करते. मेडिकल स्कूलच्या स्ट्रॅटेजी ऑफिसात जायचंय. तिथलं काम भारतापेक्षा वेगळं असतं का? – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिथे हे स्वतंत्र करिअर आहे. डीनच्या ऑफिसात विश्लेषक किंवा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून शिरकाव होतो, पुढे नियोजन संचालक, चीफ ऑफ स्टाफ, असोसिएट डीन, व्हाइस डीन. डॉक्टर नसलेले लोकही वरपर्यंत जातात. कारण मान्यतेतच आहे. १९४२ पासून एमडी शिक्षणाला मान्यता देणाऱ्या एलसीएमईच्या १२ मानकांतल्या पहिल्याचा पहिलाच घटक धोरणात्मक नियोजन आणि सततची गुणवत्ता-सुधारणा हा आहे. पूर्ण मान्यतेची फेरी आठ वर्षांची असते. भेटीच्या दीड-दोन वर्षं आधीपासून स्व-अभ्यास, माहितीसंच आणि विद्यार्थ्यांचं स्वतंत्र सर्वेक्षण चालू होतं. विद्यार्थ्यांचा अहवाल हा भारतीय कन्सल्टंटला अनपेक्षित भाग. तो संस्थेला 'सुधारून' देता येत नाही.

दुसरा भाग पैशाचा. रुग्णालयाकडून स्कूलकडे येणारा निधी, डॉक्टरांच्या उत्पन्नातून डीनकडे जाणारा हिस्सा म्हणजे 'डीन्स टॅक्स' आणि संशोधन अनुदानासोबत इमारत, वीज, कार्यालय यांसाठी मिळणारा अप्रत्यक्ष खर्च, या तीन प्रवाहांवर संस्था चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेनं अप्रत्यक्ष खर्चाला सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयानं ती रोखली, पण अशा एका पत्रकानं स्कूलचं पाच वर्षांचं अंदाजपत्रक कसं हलतं हे त्यातून कळतं. असे पर्याय मांडून दाखवता येणं तुमच्या मुलाखतीत उपयोगी पडेल.

तुमच्याच राज्यात एक प्रकरण अभ्यासासारखं आहे. न्यूअर्क आणि न्यू ब्रन्सविक इथली रटगर्सची दोन मेडिकल स्कूलं एक करायला विद्यापीठाच्या गव्हर्नर मंडळानं जुलै २०२३ मध्ये मंजुरी दिली. दोन शहरं, दोन रुग्णालयं, दोन अध्यापकवर्ग, आणि आपल्या शहरातली सेवा कमी होईल ही न्यूअर्कमधली भीती. बैठकींचे सार्वजनिक कागद वाचा. एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेत संस्थात्मक नियोजनाचा आणि वित्तव्यवहारांचा असे दोन वेगळे व्यावसायिक गट आहेत. ओळखी तिथे होतात.

प्रश्न : कोणता अभ्यासक्रम करावा? – अनेक वाचक

उत्तर : मुंबईच्या टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) रुग्णालय-प्रशासन, पुण्याच्या सिम्बायोसिसचं एमबीए, डॉक्टरांना पुण्याच्या एएफएमसीचं (सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयाचं) किंवा एम्सचं हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधलं एमडी. नाव मोठं असलं तरी पहिली तीन वर्षं तक्ते भरण्यातच जातात.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात एका महाविद्यालयात या पदाची मुलाखत आहे. तयारी काय करू? – वाचक, कराड

उत्तर : संस्थेच्या वेबसाइटवरून नॅकचा शेवटचा वार्षिक अहवाल, एनएमसीचं शेवटचं परवानगीपत्र आणि शुल्क नियामक प्राधिकरणाचा फीचा आदेश उतरवून घ्या. तिन्हींत खाटा, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे आकडे कुठे जुळत नाहीत ते कागदावर लिहा. आदल्या दिवशी, मंगळवार किंवा बुधवार असेल तर उत्तम, सकाळी दहा ते अकरा ओपीडीच्या केसपेपर खिडकीपाशी उभं राहा. केसपेपरवर छापलेला क्रमांक दहाला काय होता आणि अकराला काय झाला ते टिपा. त्या तासाभराचा आकडा आणि वार्षिक अहवालातली रोजची सरासरी यांत मोठी तफावत असेल, तर पगाराबद्दल बोलण्याआधी, वार्षिक घोषणापत्रावर सही कुणाची असते हे विचारा.